सांडपाण्यातला पारा: ड्रेनेज विभागाने स्वतःहून काय करावे

महापालिकेच्या ड्रेनेज विभागात पाऱ्याचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते: "आपला रिपोर्ट मर्यादेत आहे." हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. घोळ मर्यादेतच आहे.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम पारा चालतो. आता १०० एमएलडीचा, म्हणजे दिवसाला १०० दशलक्ष लिटर क्षमतेचा, एक एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) घ्या. रोज दहा कोटी लिटर पाणी, लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला एक किलो पारा. वर्षाला ३६५ किलो, आणि तरीही रिपोर्ट पास! संभाजीनगरच्या कांचनवाडीचा प्रकल्प तर १६१ एमएलडी क्षमतेचा आहे. कुठल्याही शहराच्या गटारातून प्रत्यक्षात इतका पारा जात नाही, म्हणून रिपोर्ट कधी नापास होत नाही आणि म्हणून कुणी काही करतही नाही.

आता त्याच प्रकल्पाच्या गाळाकडे बघा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम आहे. १०० एमएलडीच्या प्रकल्पातून दिवसाला समजा २० टन कोरडा गाळ निघतो. तो खत म्हणून द्यायचा, तर त्या २० टनांत मिळून तीन ग्रॅमपेक्षा जास्त पारा चालणार नाही. पाण्याच्या बाजूने किलो आणि खताच्या बाजूने तीन ग्रॅम. पारा हे मूलद्रव्य आहे, तो कुजत नाही, जीवाणू त्याला खात नाहीत. एसटीपीत आलेल्या पाऱ्याचा बहुतेक भाग, साधारण नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त, गाळाला चिकटून बसतो. प्रकल्प पारा काढत नाही, फक्त त्याची जागा बदलतो. तो पाइपात येण्याआधीच अडवणे एवढा एकच उपाय आहे, आणि ते काम कायद्याच्या मर्यादेने होणार नाही. पालिकेने आपणहून वचन द्यावे लागेल.

असे आधी झालेले आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहराची वेस्टर्न लेक सुपीरियर सॅनिटरी डिस्ट्रिक्ट ही सांडपाणी संस्था १९९०च्या दशकापासून दंतवैद्य, दवाखाने आणि शाळा यांना हाताशी धरून हेच करत आली. पुढे त्या राज्याने १९९०च्या तुलनेत पारा २००५पर्यंत ७० टक्के कमी करण्याचे उद्दिष्ट कायद्यात लिहिले आणि ते गाठायला स्वेच्छा करारांचा मार्ग धरला. आपल्याकडेही उदाहरण आहे. मार्च २००३च्या 'क्रेप' सनदेत (उद्योगांच्या पर्यावरणीय जबाबदारीची सनद) कॉस्टिक सोडा-क्लोरीन उद्योगाने पाऱ्याचे सेल बंद करून मेम्ब्रेन तंत्राकडे जाण्याचे मान्य केले होते. पाऱ्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारावर भारताने २०१४मध्ये सही केली आणि २०१८मध्ये तो मंजूर केला, ही पार्श्वभूमी ठरावाच्या टिपणीत लिहायला उपयोगी पडते.

मराठवाड्यात याची निकड जरा वेगळी आहे. उन्हाळ्यात आमच्या बऱ्याच नद्यांना स्वतःचे पाणी नसते. एप्रिल-मेमध्ये खाम किंवा बिंदुसरेत जे वाहते ते शहराचे सांडपाणीच. त्याला पातळ करायला वरून काही येत नाही. खामचे पाणी पुढे नाथसागराच्या बाजूला जाते आणि नाथसागरातूनच संभाजीनगर पाणी पिते. धरणाच्या तळाच्या, ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलात काही जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. ते माशांत साठते आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीसारख्या माशांत सर्वांत जास्त. नाथसागरातले मासे दूषित आहेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण मोजायचे आणि अडवायचे ते आधी, नंतर नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो. पाऱ्याचा मोठा वाटा गटारातून नव्हे, तर कोळशाच्या धुरातून हवेत जातो. परळीच्या औष्णिक केंद्राची चिमणी ड्रेनेज विभागाच्या अखत्यारीत येत नाही. पाइप येतो. म्हणून पाइपापुरतेच बोलू.

पायरी १: सुरुवात स्वतःच्या प्रयोगशाळेपासून

ही पायरी वगळून कुणी दंतवैद्यांना पत्र पाठवू नये. कारण शहरात पाऱ्याची पावडर नियमितपणे विकत घेणाऱ्या जागांत एसटीपीची लॅब स्वतःच असते.

सीओडीची, म्हणजे सांडपाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो ते मोजणारी चाचणी आठवा. पाण्यातल्या क्लोराइडने निकाल बिघडू नये म्हणून तीत मर्क्युरिक सल्फेट टाकतात. प्रचलित पद्धतीत २० मिलिलिटर नमुन्याला ०.४ ग्रॅम. या पावडरीत वजनाने दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त भाग पारा असतो, म्हणजे एका चाचणीमागे साधारण ०.२७ ग्रॅम. दिवसाला दहा नमुने असतील तर २.७ ग्रॅम, वर्षाला जवळपास एक किलो. आणि लॅबच्या बेसिनचा पाइप कुठे जातो? अनेक ठिकाणी तो इनलेटच्या सम्पला, म्हणजे सांडपाणी आधी येऊन पडते त्या टाकीलाच, जोडलेला असतो. वर हिशेब केला तो तीन ग्रॅमचा होता, आठवत असेल. प्रदूषण मोजणारी चाचणीच खताची सगळी मर्यादा खाऊन टाकते.

उपाय तीन आहेत आणि तिघांनाही मोठा खर्च नाही.

पहिला: क्लोराइड आधी मोजा. मर्क्युरिक सल्फेट आणि क्लोराइड यांचे वजनाचे प्रमाण १० ला १ ठेवले की पुरते. ०.४ ग्रॅमचा डोस लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराइड गृहीत धरून आहे. तुमच्या सांडपाण्यात ३०० असेल (बोअरचे पाणी जास्त वापरणाऱ्या भागात एवढे येऊ शकते), तर २० मिलिलिटरमध्ये क्लोराइड ६ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम पावडर पुरे. सातवा हिस्सा! हा बदल लॅबच्या कार्यपद्धतीत लिहून, तुलनात्मक चाचण्या जोडून, गुणवत्ता व्यवस्थापकाची सही घेऊन करा. तोंडी सांगून करू नका, नाहीतर पुढच्या ऑडिटला केमिस्ट अडकेल.

दुसरा: मोठ्या फ्लास्कऐवजी बंद नळीची पद्धत. तीत अडीच मिलिलिटर नमुना लागतो आणि पारा चाचणीमागे ३५ मिलिग्रॅमच्या आत राहतो. वीज आणि थंड करायचे पाणी वाचते ते वेगळे. लातूर, बीडसारख्या ठिकाणी कंडेन्सरला दिवसभर नळ सोडून ठेवणे तसेही शोभत नाही.

तिसरा: वापरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतणे आजपासून बंद. त्यात पारा, चांदी, क्रोमियम आणि सल्फ्युरिक आम्ल असते. आम्लाला टिकणाऱ्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. कॅनवर नाव, तारीख आणि 'घातक कचरा' असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. घातक कचरा नियम २०१६ प्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्या. साठवण ९० दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. रांजणगावसारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे मॅनिफेस्टसह (घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) पाठवा. एका प्रकल्पाचा माल कमी पडतो आणि गाडी परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून दोन-तीन पालिकांनी, किंवा पालिका आणि शहरातल्या विज्ञान महाविद्यालयांनी, एकच करार करावा.

अमोनियासाठी नेस्लर द्रावण वापरत असाल तर त्यातही पारा आहे. फेनेट पद्धत, आयन इलेक्ट्रोड किंवा ऊर्ध्वपातन करून टायट्रेशन, यांपैकी जे जमेल त्याकडे वळा.

जाता जाता लॅबच्या बेसिनखालचा यू-बेंड उघडून बघा. खाली परात ठेवून, हातमोजे घालून. फुटलेल्या थर्मामीटरचे मणी वर्षानुवर्षे त्यात बसलेले असू शकतात, आणि प्रत्येक वेळी गरम पाणी सोडले की थोडे थोडे पुढे जातात.

पायरी २: पंपिंग स्टेशनची झडती

जुन्या वेट वेलमधल्या (पंपाआधी सांडपाणी साठते ती विहीर) फ्लोट स्विचमध्ये पाऱ्याचा थेंब असू शकतो. फ्लोट कलला की थेंब सरकतो आणि सर्किट जुळते. याशिवाय पाऱ्याचे यू-ट्यूब मॅनोमीटर, जुने दाबमापक, पॅनेलमधले पाऱ्याचे रिले, स्टोअरमध्ये पडलेले मर्क्युरी व्हेपरचे दिवे. एका इलेक्ट्रिशियनला आणि एका स्टोअरकीपरला दोन दिवस द्या, यादी होते. जे चालू आहे ते बिघडेल तेव्हा बिनपाऱ्याचे बसवा. जे भंगारात पडले आहे ते भंगाराच्या लिलावात जाऊ देऊ नका, घातक कचऱ्यात टाका. नव्या खरेदीच्या निविदेत "पारा असलेले उपकरण स्वीकारले जाणार नाही" ही एक ओळ घाला. ही ओळ फुकट आहे.

पायरी ३: मोजणी

इथे थोडा वेळ घालवावा लागेल, कारण बहुतेक वचननामे इथेच पोकळ होतात.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पाऱ्यासमोर 'बीडीएल' लिहून येते आणि सगळे निश्चिंत होतात. बीडीएल म्हणजे यंत्राला दिसला नाही. किती असता तर दिसला असता, हे विचारा. दिसण्याची किमान पातळी लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम असेल, तर १०० एमएलडीत दिवसाला १०० ग्रॅम पारा त्या बीडीएलच्या आत मावतो. वर्षाला ३६ किलो. शून्य नव्हे.

म्हणून कार्यादेशातच अट घाला: एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता, पाऱ्याची वाफ मोजणारी कोल्ड व्हेपर पद्धत आणि लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत दिसेल अशी क्षमता. ती न मिळाल्यास पाण्यामागे लागण्यापेक्षा गाळ तपासा. गाळात पारा एकवटलेला असतो, साध्या लॅबलाही सापडतो, आणि एका नमुन्यात अनेक दिवसांची सरासरी मिळते. दोनपैकी एकालाच पैसे असतील तर मी गाळाला देईन. महिन्याला एक मिश्र नमुना, वर्षाला बारा. कोरड्या वजनावर, किलोमागे मिलिग्रॅम. हाच तुमचा पायाभूत आकडा.

नमुना घेण्याची शिस्त वेगळी सांगतो. बाटली काचेची किंवा फ्लुरोपॉलिमरची हवी. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पारा भिंतीला चिकटतो आणि प्लास्टिकमधून उडूनही जातो. नायट्रिक आम्ल लॅबकडूनच आणा आणि नमुना घेतल्या घेतल्या घाला. पावसाळ्यातला आकडा पायाभूत धरू नका, पावसाचे पाणी मिसळलेले असते.

आणि वेळ. आपल्याकडे इनलेटचा नमुना सकाळी अकराला घ्यायची पद्धत आहे, कारण तेव्हा केमिस्ट जागेवर असतो. दातांचे दवाखाने मात्र दुपारपर्यंत आणि मग संध्याकाळी पाच ते नऊ चालतात. ते पाणी प्रकल्पापर्यंत रात्री उशिरा पोहोचते. म्हणून नमुना चोवीस तासांचा मिश्रच हवा. शक्य असेल तर मंगळवारचा एक आणि रविवारचा एक असे वेगळे घ्या. प्रवासाचा वेळ धरून पाहिल्यावर रविवारचा आकडा ठळकपणे खाली असेल, तर पारा दवाखान्यांतून येतो आहे या संशयाला बळ मिळते.

कुठल्या लाइनवरून येतो हे शोधायला चेंबरच्या भिंतीवरचा काळा चिकट थर कामी येतो. त्या थरात जड धातू साठत राहतात. लांब दांड्याच्या खरवडणीने वरूनच तो घ्यायचा. माणूस आत उतरवायचा नाही. २०१३च्या कायद्याने ते बंद आहेच, आणि नमुन्यासाठी तर नाहीच नाही. मुख्य लाइन जिथे जिथे फुटते तिथला एकेक चेंबर, असे वर वर जात राहिलात तर एका-दोन वॉर्डांपर्यंत माग लागतो.

पायरी ४: शहराचा नकाशा

परवाना विभाग, आरोग्य विभाग आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराकडून याद्या घ्या. नकाशावर टाका: दातांचे दवाखाने आणि दंत महाविद्यालये, रुग्णालये, पॅथॉलॉजी लॅब, विज्ञान शाखेच्या शाळा-महाविद्यालये, सराफा, आयुर्वेदाच्या रसशाळा, इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीची दुकाने. त्यावर ड्रेनेजच्या लाइन टाका. तिसऱ्या पायरीतले चेंबर त्याच नकाशावर येतील.

ट्यूबलाइट आणि सीएफएलवर मात्र वेळ घालवू नका. सीएफएलमध्ये पारा असतो तो काही मिलिग्रॅम, आणि फुटल्यावर तो हवेत जातो, गटारात फारसा नाही. त्यांच्यासाठी ई-कचऱ्याचे नियम आहेत. पर्यावरणाच्या कार्यक्रमात सगळे दिव्यांवरच बोलतात, कारण ते सर्वांना दिसतात.

पायरी ५: दातांचे दवाखाने

दातात 'चांदी भरतात' ती अमाल्गम. तिच्यात साधारण निम्मा पारा असतो. नवी भरताना आणि त्याहून जास्त जुनी कोरून काढताना तिचा चुरा थुंकण्याच्या भांड्यातून आणि सक्शनच्या नळीतून थेट ड्रेनेजमध्ये जातो. अमेरिकेत शहरी सांडपाणी प्रकल्पांत येणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत हाच निघाला. म्हणून तिथे २०१७मध्ये नियम झाला आणि जुलै २०२०पर्यंत दवाखान्यांना ९५ टक्के चुरा पकडणारा सेपरेटर बसवावा लागला. त्या उपकरणाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १११४३ आहे. खरेदी करताना हाच क्रमांक बघायचा.

आपल्याकडे बरेच दवाखाने पांढऱ्या, कंपोझिट भरणीकडे वळले आहेत. पण "मी चांदी भरतच नाही" म्हणणारा डॉक्टरही जुनी चांदी काढतोच, त्यामुळे तो यादीतून बाहेर जात नाही.

पत्र पाठवू नका, आधी बैठक घ्या. इंडियन डेंटल असोसिएशनच्या स्थानिक शाखेला बोलवा, आणि संभाजीनगरसारखे शासकीय दंत महाविद्यालय असेल तर त्यांना पुढे बसवा. दिवसभरात सर्वांत जास्त खुर्च्या तिथेच चालतात, आणि पुढच्या पिढीचे डॉक्टर तिथेच सवयी शिकतात. मागण्या थोड्या ठेवा:

– सुटा पारा बाटलीतून घेऊन खलात घोटणे बंद, फक्त मोजून भरलेल्या कॅप्सूल. मिनामाता कराराच्या २०२२च्या बैठकीतही हेच ठरले आहे. पंधरा वर्षांखालची मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांना डॉक्टरांना अत्यावश्यक वाटल्याशिवाय अमाल्गम नको, हेही तिथलेच.

– खुर्चीजवळची जाळी रोज बघायची. तिच्यातला चुरा बेसिनवर धुवायचा नाही, घट्ट झाकणाच्या बरणीत टाकायचा.

– चांदी भरलेला काढलेला दात जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत नाही. ती पिशवी भट्टीत जाते आणि पारा धुरातून बाहेर येतो. तो दातही बरणीतच.

– सक्शनची नळी ब्लीचने धुवायची नाही. ब्लीच आणि तसली ऑक्सिडायझिंग रसायने साचलेल्या चुऱ्यातला पारा विरघळवून पुढे ढकलतात. पीएच ६ ते ८ मधले क्लीनर वापरायचे. ही गोष्ट फार थोड्या दवाखान्यांना माहीत असते, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

– सेपरेटर: मोठ्या दवाखान्यांना आणि महाविद्यालयांना एका वर्षात, एका खुर्चीच्या दवाखान्यांना तीन वर्षांत.

याच्या बदल्यात पालिका काय देणार? हा प्रश्न बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत येतो, तेव्हा उत्तर घेऊनच जा. बरण्या पालिकेने वर्षातून दोनदा स्वखर्चाने उचलाव्यात. प्रयोगशाळेसाठी केलेलाच घातक कचऱ्याचा करार इथे वापरता येतो. सहभागी दवाखान्याला दारावर लावायला फलक द्यावा. आणि पहिल्या वर्षी कुणालाही नोटीस नाही, असे लेखी द्यावे. बरणीत काय निघाले यावरून कारवाई होईल अशी धास्ती बसली, तर बरण्या रिकाम्या येतील आणि गटारे भरलेली.

पायरी ६: दवाखाने, शाळा, सराफा

रुग्णालयांचे काम तुलनेने सरळ आहे. पाऱ्याच्या बीपी यंत्रात ८० ग्रॅमच्या आसपास पारा असतो, थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. एसटीपीत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम पारा आहे असे धरले, तर १०० एमएलडीच्या प्रकल्पात दिवसाला एकूण दहा ग्रॅम येतो. एक बीपी यंत्र बेसिनमध्ये सांडले की आठ दिवसांचा पारा एका झटक्यात गेला. मिनामाता कराराने ही उपकरणे बनवणे आणि आयात-निर्यात करणे यासाठी २०२०ची मुदत ठेवली, पण कपाटातली जुनी यंत्रे करार वाचून निघून जात नाहीत. जिल्हा शल्यचिकित्सक आणि आयएमए यांच्यामार्फत एकदाच 'जुने द्या, डिजिटल घ्या' मोहीम करावी. सीएसआरचा पैसा यासाठी मिळू शकतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांकडे झाडे लावण्याचे प्रस्ताव पुष्कळ जातात, असा एखादा जाऊ द्या.

शाळा-महाविद्यालयांत बॅरोमीटर आणि भौतिकशास्त्राच्या कपाटातल्या बाटल्या. प्राचार्यांना एवढेच सांगा: सांडला तर झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर नाही, बेसिन तर नाहीच. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. मणी जाड कागदाने एकत्र करा, ड्रॉपरने उचला, उरलेल्यावर गंधकाची पूड टाका, सगळे बरणीत भरा आणि पालिकेला फोन करा. फोन उचलणारा माणूस मात्र पालिकेने आधी नेमलेला हवा.

सराफ्याचे काम नाजूक आहे. सोनारांच्या दुकानांतली धूळ आणि नालीतली माती धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आले आहेत. सोन्याचे कण पाऱ्यात गोळा करून मग पारा उडवण्याची पद्धत जुनीच आहे. यात सर्वांत जास्त विषबाधा होते ती त्यांनाच आणि घरातल्या मुलांना, कारण पुष्कळदा हे काम घरातच चालते. तिथे अभियंत्याने एकट्याने जाऊ नये. सराफा संघटनेचा माणूस आणि आरोग्यसेविका सोबत हवी. धुण्याच्या जागेला गाळ बसवणारी टाकी बांधून देणे, वाफ पकडणारे बंद भांडे देणे, एवढेच पहिल्या वर्षी पुरे. दंडाची भाषा केली की भांडे वस्तीत आणखी आत जाते आणि पुन्हा सापडत नाही.

घरांसाठी एकच मुद्दा: गोरे करणाऱ्या बेनामी क्रीम. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या किडन्यांना अशा क्रीमने इजा झाल्याची बातमी २०२३मध्ये आली होती. तोंड धुतले की तीही गटारातच जाते. ब्युटी पार्लरच्या तपासणीत अन्न व औषध प्रशासनाला सोबत घ्या.

पायरी ७: वचननामा लिहिणे

आता लिहा, आधी नाही. स्वतःची लॅब सुधारलेली आणि बारा महिन्यांचे गाळाचे आकडे हातात असलेली पालिका जे लिहील त्याला वजन असते. मसुदा असा असू शकतो:

"महानगरपालिकेचा मलनिस्सारण विभाग स्वेच्छेने मान्य करतो की, (१) विभागाच्या सर्व प्रयोगशाळांतून पारायुक्त द्रावण गटारात सोडले जाणार नाही, (२) पारायुक्त उपकरणांची नवीन खरेदी होणार नाही, (३) पायाभूत वर्षाच्या तुलनेत गाळातील पाऱ्याचे वार्षिक सरासरी प्रमाण तीन वर्षांत निम्म्यावर आणण्याचा प्रयत्न केला जाईल, (४) सहभागी दवाखाने व संस्थांकडील पारायुक्त कचरा वर्षातून दोनदा विनाशुल्क उचलला जाईल, (५) सर्व मोजमापे, वाढलेली असली तरी, दरवर्षी प्रसिद्ध केली जातील."

तिसऱ्या कलमात 'प्रयत्न' हा शब्द मुद्दाम आहे. पहिल्या दोन कलमांत तो मुद्दाम नाही, कारण ती संपूर्ण तुमच्या हातात आहेत. हा फरक सांभाळा. सगळीकडे 'प्रयत्न' लिहिणारा वचननामा कुणी वाचत नाही.

ठराव महासभेत किंवा प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव म्हणून घ्या. आयुक्तांच्या सहीच्या खाली जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम हवे, व्यक्तीचे नाव नको. बदल्या होतात. 'माझी वसुंधरा अभियाना'च्या जलतत्त्वाखाली हे काम दाखवता येते, त्यामुळे आयुक्तांची रुचीही टिकते.

पायरी ८: गाळाचे काय

पहिली दोन वर्षे आकडे येईपर्यंत गाळ भाजीपाल्याच्या शेतीला देऊ नये. प्रत्येक ढिगाची तपासणी करा. ०.१५च्या आत असेल तर खत म्हणून द्या. जास्त असेल तर ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये मिसळून आकडा खाली आणण्याचा मोह होतो. त्याने आकडा कमी होतो, पारा तेवढाच राहतो. असा गाळ अस्तर असलेल्या भरावभूमीत जावा. वीटभट्टीला कधीच देऊ नका, सगळा पारा धुरातून आसपासच्या शेतांवर पडतो.

गाळ घेणारा शेतकरी ऊसवाला असेल तर त्याला एक जादा प्रश्न विचारा. उसाच्या बेण्याला लावायची जुनी पारायुक्त बुरशीनाशके, मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडवाली, ऑगस्ट २०१८च्या आदेशाने बंद झाली. एखादा डबा अजून गोठ्याच्या माळ्यावर असू शकतो. बरण्या उचलणाऱ्या गाडीत त्या डब्यालाही जागा द्या. जमिनीत आधीच किती पारा आहे हे बघायचे असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांचा सल्ला घ्या.

पायरी ९: दरवर्षीचा हिशेब

वेगळा अहवाल छापण्याची गरज नाही. महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण स्थिती अहवाल महासभेपुढे ठेवावाच लागतो. त्यात एक पान पाऱ्याचे करा. रकाने: गाळातला पारा महिनावार, इनलेट आणि आउटलेट, त्यासोबत यंत्राला दिसणारी किमान पातळी, लॅबने विकत घेतलेली मर्क्युरिक सल्फेटची पावडर, उचललेल्या बरण्यांचे वजन, सहभागी दवाखाने, सांडल्याच्या घटना. पावडरीच्या खरेदीचा रकाना सर्वांत बोलका ठरेल. तो स्टोअरच्या रजिस्टरवरून येतो, त्याला लॅब लागत नाही आणि तो लपवता येत नाही.

दुसऱ्या वर्षी गाळातला आकडा वाढला तर घाबरू नका. जुन्या लाइनच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला पारा सफाईच्या वेळी सुटतो आणि प्रकल्पात येऊन पोहोचतो. जेटिंग मशीन लावलेल्या महिन्यात उसळी दिसणारच. आकडा तसाच छापा, शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात कोणत्या लाइनची सफाई झाली ते लिहा, आणि त्या लाइनवरच्या चेंबरांचा थर पुन्हा एकदा तपासायला पाठवा.